डाव्या पायाची चप्पल

मार्च उजाडला की शाळेच्या ग्रंथालयात साठापडताळणी सुरू होते. दाखल नोंदवहीतला एकेक क्रमांक वाचायचा, ते पुस्तक कपाटातून काढून डोळ्यांनी बघायचं आणि क्रमांकापुढे खूण करायची. दादरच्या शाळेत हे काम मी एकोणीस वर्षं करतेय. त्या दिवशी शिपाई रजेवर होता आणि जाडजूड खंड नेहमीप्रमाणे सगळ्यात खालच्या फळीवर होते. मी कमरेतून वाकले, चार खंड एकदम छातीशी धरले आणि उठता उठताच डावीकडे वळून टेबलावर ठेवायला गेले. कमरेत कट्‌कन काहीतरी झालं. खंड कसेबसे टेबलावर पोचले, पण मी मात्र टेबलाची कड धरून पाच मिनिटं तशीच उभी राहिले.

घरी, विक्रोळीच्या कन्नमवारनगरात, आईने एका शब्दात निदान केलं, "उसण भरलीय." उपायही तिच्याकडे तयार होता. पलीकडच्या इमारतीतला एक मुलगा पायाळू आहे, त्याने कमरेला पाय लावला की उतरेल. माझ्या आजीची उसण अशीच उतरली होती. मी नको म्हटलं नव्हतं, पण तो मुलगा नेमका गावाला गेला होता. आता वाटतं, बरं झालं. आत काय मोडलंय ते ठाऊक नसताना कमरेवर लाथ, जोराचं चोळणं किंवा हाडं कडाकड वाजवणं यातलं काहीच करू नये, हे मी पुढच्या तीन महिन्यांत शिकले.

दोन दिवसांनी कंबर थोडी सैल झाली आणि दुखणं पायात उतरलं. डाव्या कुल्ल्यातून निघायचं, मांडीच्या आणि पोटरीच्या बाहेरच्या अंगाने खाली यायचं आणि पावलाच्या वरून थेट अंगठ्यापर्यंत जायचं. किडक्या दाताला गार पाणी लागलं की कळ जाते ना, तशीच, फक्त पायाएवढी लांब. शिंक आली की डोळ्यांपुढे काजवे. बसणं सगळ्यात वाईट. लोकलमध्ये बायका उठून जागा द्यायच्या आणि मी "नको, उभीच राहते" म्हणायचे, तर त्यांना मी शिष्टपणा करतेय असं वाटत असणार.

आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि दोन दिवसांपेक्षा जास्त अंथरुणात पडून राहायचं नाही, असं बजावलं. तिसऱ्या आठवड्यात पावलाचा वरचा भाग बधिर वाटायला लागला, तेव्हा त्यांनी एमआरआय लिहून दिला.

अहवाल हातात पडला आणि मी तो टॅक्सीतच उघडला. एल३-एल४, एल४-एल५, एल५-एस१, म्हणजे कमरेच्या खालच्या मणक्यांमधल्या तीन जागा, तिन्ही ठिकाणी काही ना काही लिहिलेलं. कुठे फुगवटा, कुठे चकती सुकलेली, आणि एल४-एल५ला डावीकडे चकती फुटून तुकडा बाहेर, एल५ची नस दाबली गेलेली. मला वाटलं, माझ्या तीन गाद्या गेल्या. वय चव्वेचाळीस. घरी येईपर्यंत मी मनाने चाकाच्या खुर्चीत बसले होते.

'गादी सरकली' असं आपण सगळेच म्हणतो, पण गादी सरकत नाही. दोन मणक्यांच्या मधली चकती ही भरलेल्या करंजीसारखी असते. बाहेर चिवट तंतूंचं आवरण, आत मऊसर गर. आवरण ढिलं पडून सगळीकडून थोडं फुगलं तर तो नुसता फुगवटा. एके जागी आवरण फाटून गर बाहेर आला तर ती फुटलेली करंजी. आणि त्या गराचा तुकडा तुटून सुटा झाला, तर कढईतल्या तेलात सारण मोकळं फिरावं तसा तो मज्जारज्जूच्या नळीत वर-खाली सरकू शकतो. या तीन गोष्टींचा इलाज एकच नसतो, आणि पहिल्या प्रकाराला बहुतेकदा शस्त्रक्रियाच लागत नाही. ही समज आधी असती तर माझे पुढचे तीन आठवडे निम्म्या भीतीत गेले असते.

पहिलं मत एका मोठ्या खासगी रुग्णालयात घेतलं. नाव लिहीत नाही. यजमान बरोबर होते. स्वागतकक्षातल्या मुलीचा पहिला प्रश्न होता, "विमा किती लाखांचा आहे?" सर्जननी फिल्म दिव्यावर लावली, तिन्ही जागांवर पेन टेकवलं आणि म्हणाले, दोन ठिकाणी स्क्रू-रॉड घालून मणके जोडून टाकू, पुढच्या बुधवारी ऑपरेशन थिएटर रिकामं आहे. आमचा विमा पाच लाखांचा आणि हातात आलेलं अंदाजपत्रकही पाच लाखांच्या घरातलं. मला बाकी कशापेक्षा एक गोष्ट आजही खुपते. त्यांनी माझा पाय पाहिला नाही. जे दुखत होतं ते पायात, आणि मी आत गेले तशीच चप्पल घालून बाहेर आले.

दुसरीकडे, ओळखीच्या एका बाईंनी सुचवलेल्या दवाखान्यात, उलटंच टोक. सुईतून लेसर किंवा ओझोन सोडायचा, टाका नाही, भूल नाही, दुसऱ्या दिवशी कामावर. ऐकायला फार गोड वाटलं. मी जवळजवळ पैसे भरणार होते. सुईचे असे उपचार मुख्यतः आवरण शाबूत असलेल्या फुगवट्यासाठी असतात. आतला दाब थोडा कमी झाला की फुगवटा आत ओढला जाईल, हा त्यामागचा हिशेब. माझं आवरण तर फाटलेलं होतं आणि तुकडा बाहेर. दाब कमी करायला आत उरलंच काय होतं? हे त्या दवाखान्यात कुणी सांगितलं नाही, नंतर कळलं. याच विचाराचा एक जुना प्रयोग वाचनात आला. १९६० च्या दशकात पपईच्या चिकातलं विकर (एन्झाइम) सुईने चकतीत सोडून गर विरघळवायला सुरुवात झाली होती. काही रुग्णांना त्याची जीवघेणी अॅलर्जी झाली आणि अखेर ते औषध बाजारातून गेलं.

मग शाळेतल्या एका बाई म्हणाल्या, "तू केईएमला का नाही जात?" केईएम म्हणजे परळचं महापालिकेचं रुग्णालय, मला दादरहून हाकेच्या अंतरावर. सकाळी लवकर केसपेपर काढला आणि अस्थिव्यंग विभागाच्या बाहेर उभी राहिले, बसता येत नव्हतंच. बऱ्याच वेळाने नंबर लागला. निवासी डॉक्टर असेल माझ्या भाचीच्या वयाची. फिल्मची पिशवी मी पुढे केली तर तिने ती बाजूला ठेवली आणि म्हणाली, "ताई, चप्पल काढा."

टाचांवर चालून दाखवा. चालले, तर डावं पाऊल पुढून जमिनीकडे झुकत होतं. हे मला तोवर माहीतच नव्हतं. आता चवड्यांवर. ते जमलं. मग पाठीवर झोपवून तिने डावा पाय गुडघ्यात न वाकवता सरळ उचलला. वीतभर उचलला असेल नसेल, कळ अंगठ्यापर्यंत गेली. मग उजवा, चांगला पाय उचलला, आणि कळ आली डावीकडे! ते तिने लगेच केसपेपरवर लिहिलं. चांगला पाय उचलल्यावर दुखऱ्या पायात कळ येणं ही चकती फुटल्याची बरीच खात्रीची खूण मानतात. टाचणीने पावलाची वरची बाजू तपासली. शेवटी पायाच्या अंगठ्यावर बोट ठेवून म्हणाली, "अंगठा डोक्याकडे ओढून धरा, मी खाली दाबते, हलू द्यायचा नाही." उजवा हलला नाही. डावा मी जीव खाऊन ओढला, तरी तिच्या एका बोटाखाली तो हळूहळू वाकत गेला.

"ताकद पाचपैकी चार," ती म्हणाली. पाच म्हणजे पूर्ण ताकद. मग तिने फिल्म काढली. एल४-एल५ला दाबलेली एल५ची नस, हीच अंगठा वर ओढते, हीच पोटरीच्या बाहेरच्या अंगाने जाते. तुमची तक्रार, तुमचा पाय आणि फिल्म तिन्ही एकच सांगताहेत, म्हणाली. बाकीच्या दोन जागा? तिने जे सांगितलं ते मी घरी येऊन शोधून वाचलं. पाठ अजिबात न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या स्कॅनचा एकत्रित अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात चाळिशीतल्या निम्म्या लोकांच्या चकतीत फुगवटा निघाला, आणि सुकलेली चकती शंभरातल्या ६८ जणांत. म्हणजे माझ्या अहवालातल्या तीनपैकी दोन ओळी माझ्या वयाच्या होत्या, माझ्या आजाराच्या नव्हत्या. आणि त्यातल्याच एका ओळीवर स्क्रू बसणार होते.

केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिने चित्र काढलं. तो कागद मी अजून जपून ठेवलाय. दोन चौकोन म्हणजे दोन मणके, मधे चकती, मागे नळी, नळीत दोऱ्यांसारख्या नसा आणि एका नसेवर शाईचा ठिपका. "एवढा ठिपका काढायचा की तो आपोआप जायची वाट बघायची, एवढाच प्रश्न आहे," ती म्हणाली.

वाट बघणं म्हणजे काही न करणं, असं मला वाटायचं. पण बाहेर पडलेला गर शरीर परका समजून हळूहळू शोषून घेतं. आणि गंमत म्हणजे साध्या फुगवट्यापेक्षा मोठा, सुटा तुकडा जिरून जाण्याचं प्रमाण जास्त असतं. बहुतेकांची पायातली कळ सहा ते बारा आठवड्यांत पुष्कळ उतरते. नेदरलँड्समध्ये २८३ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००७ मध्ये छापून आला. निम्म्यांची शस्त्रक्रिया लवकर केली, निम्म्यांना थांबवलं. लवकर केलेल्यांची कळ लवकर गेली, यात शंका नाही. पण वर्षाच्या शेवटी दोन्ही गटांतले ९५ टक्के लोक आपण बरे झालो असं सांगत होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मात्र मधेच कधीतरी शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. मला हे आकडे धीर देणारे वाटले, कारण घाई करणाऱ्या आणि घाबरवणाऱ्या दोघांनाही त्यात उत्तर होतं. पायाची ताकद अगदीच गेलेल्यांना मात्र त्या अभ्यासात घेतलेलंच नव्हतं. ती ओळ मी तेव्हा वाचली आणि पुढे गेले.

थांबायचं, पण दोन अटींवर. एक, अंगठ्याची ताकद दर आठवड्याला तपासायची. दोन, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, सायकलच्या सीटवर टेकतो तो भाग बधिर झाला, दोन्ही पाय लुळे वाटले, तर ओपीडीच्या दिवसाची वाट न बघता मध्यरात्रीही तातडीच्या विभागात यायचं. मज्जारज्जूच्या टोकाशी नसांचा झुपका घोड्याच्या शेपटीसारखा लोंबत असतो. तो सगळाच दाबला गेला तर दिवस नाही, तास मोजायचे असतात. हे बोलताना तिने पेन खाली ठेवलं होतं आणि माझ्याकडे नाही, यजमानांकडे बघत होती. घरी ज्याने मला उचलून न्यायचं, त्याला कळायला हवं म्हणून.

एप्रिलच्या शेवटी नसेच्या मुळाशी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं, एक्स-रेच्या पडद्यावर सुई बघत बघत. संध्याकाळी घरी. तीन आठवडे मी माणसात होते. झोप लागली, बसून जेवता आलं. फिजिओथेरपीच्या ताईंनी पोटावर झोपून कोपरांवर उठायला शिकवलं. आई म्हणायला लागली, बघ, उतरली उसण. इंजेक्शनने गर जात नाही, नसेची सूज उतरते. तोवर शरीराने गर जिरवला तर उत्तम, नाही तर कळ परत येते.

माझी कळ परत आली नाही. ती कमीच होत गेली, आणि त्यानेच मी फसले. कळ गेली तशी मी दर आठवड्याची अंगठ्याची तपासणी सोडून दिली.

मे महिन्याच्या सुट्टीत भाचीच्या लग्नाची खरेदी होती. दादर स्टेशनच्या पुलावरून गर्दीबरोबर उतरत होते. मागून एक मुलगी ओरडली, "अहो काकू, तुमची चप्पल!" मी वळून बघितलं, तर चार पायऱ्या वर माझी डावी चप्पल पडलेली. मी चार पायऱ्या अनवाणी उतरले होते आणि मला पत्ता नव्हता. लोकांचे पाय तिच्या बाजूने जात होते. चप्पल पायात टिकते ती अंगठ्याने आणि पावलाने तिला नकळत धरून ठेवल्यामुळे, याचा विचार आपण आयुष्यात कधी करतो? कठड्याला धरून उभी राहिले, अंगठा वर उचलायचा प्रयत्न केला. उजवा उचलला गेला. डावा नुसता थरथरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी परळला. तीच डॉक्टर. "चप्पल काढा, ताई." बोट न लावताच तिला दिसलं. पाचपैकी दोन. कळ उतरतेय आणि ताकदही उतरतेय, याचा अर्थ नस बरी होत नाहीये, दमत चाललीय. या वेळी तिने आपल्या सरांना बोलावलं. सरांनी नवा एमआरआय करायला लावला. तुकडा सुटा होऊन थोडा खाली घसरला होता. आता शस्त्रक्रिया हवी आणि ती महिन्यांत नाही, दिवसांत, याबद्दल त्यांच्या मनात किंतु नव्हता. माझ्याही नाही. कळेच्या भीतीने निर्णय घेणं वेगळं आणि त्या थरथरणाऱ्या अंगठ्याकडे बघून घेणं वेगळं. हा निर्णय मला जड गेला नाही.

पण कोणती शस्त्रक्रिया, हे विचारायचं ठरवून गेले होते. वहीत प्रश्न लिहून नेले होते आणि सरांनी एकालाही "ते आमच्यावर सोडा" म्हटलं नाही, याचं मला फार अप्रूप वाटलं.

स्क्रू-रॉड का नको? सरांनी आधी माझे दोन एक्स-रे काढून घेतले होते, एक पुढे वाकून, एक मागे झुकून. दोन्हींत मणके आपापल्या जागी. मणका खालच्या मणक्यावरून पुढे घसरला असेल, वाकताना हलत असेल, किंवा एकच चकती पुन्हा पुन्हा फुटत असेल, तर जोडणी हा चांगला इलाज आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण जोडलेले दोन मणके कायमचे एक होतात आणि वाकण्या-वळण्याचा भार वरच्या-खालच्या चकत्यांवर जातो. माझ्यासाठी तो मोल नसलेला खर्च होता. कृत्रिम चकतीचंही विचारलं, कारण एका नातेवाइकाने ते सुचवलं होतं. ती मुख्यतः चकतीमुळे कंबरच दुखते आणि मागचे सांधे धड आहेत अशा मोजक्या लोकांसाठी. नसेवरचा तुकडा काढायला चकती बदलायची गरज नाही.

राहिला ठिपका काढणं. बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी १९३४ मध्ये पहिल्यांदा ठामपणे मांडलं, की पायातली ही कळ फुटलेल्या चकतीमुळे येते आणि ती काढली की जाते. तेव्हा पाठ मोठी उघडायचे. १९७७ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली हेच काम लहानशा छेदातून करण्याचे अनुभव प्रसिद्ध झाले, आणि आजही जगभर मुख्य पद्धत तीच आहे, मायक्रोडिसेक्टमी. पाठीत दोन-अडीच सेंटिमीटरचा छेद, स्नायू बाजूला, मणक्याच्या कमानीचा जरासा भाग आणि पिवळा अस्थिबंध काढून खिडकी करायची, नस हलकेच बाजूला धरायची, तुकडा उचलायचा. याहून बारीक म्हणजे दुर्बिणीची शस्त्रक्रिया. सेंटिमीटरपेक्षा लहान छेद, स्नायूंना कमी इजा, कित्येकदा फक्त जागा बधिर करून.

"मग दुर्बिणीने का नाही करत, सर?" सगळ्यांनी मला हेच विचारायला सांगितलं होतं. ते म्हणाले, पहिले काही दिवस पाठ कमी दुखेल, घरी लवकर जाल. वर्षाने दोन्हींत फारसा फरक उरत नाही. तुमचा तुकडा खाली घसरलाय, तो पूर्ण दिसणं मला महत्त्वाचं वाटतं. मग मी वहीत नसलेला प्रश्न विचारला. "तुमचा स्वतःचा हात कशावर जास्त बसलाय?" ते हसले आणि म्हणाले, "मायक्रोस्कोपवर. दुर्बीण आमच्याकडे दुसरे सर करतात. हवं तर त्यांच्याशी बोला." त्या उत्तराने माझं ठरलं.

धोकेही त्यांनीच सांगितले. नसांभोवतीच्या पाण्याच्या पिशवीला छिद्र पडू शकतं, जंतुसंसर्ग होऊ शकतो. आवरणाचं भोक शिवत नाहीत, ते आपलं आपण भरतं, त्यामुळे उरलेला गर पुन्हा बाहेर येऊ शकतो, शंभरातल्या पाच ते पंधरा जणांना असं होतं. आणि ही शस्त्रक्रिया पायाची आहे, कमरेची नाही. कंबर कधीमधी दुखत राहील. अंगठा परत येईल का? बहुतेक येईल, हमी नाही, आणि वेळ लागेल. यजमानांना हमी हवी होती. त्यांना ती मिळाली नाही आणि तरी आम्ही दोघं हलक्या मनाने जिना उतरलो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दाखल झाले. बाजूच्या खाटेवर विशीतली एक मुलगी होती, मणक्याला क्षय झालेली. तिचीही सुरुवात कंबरदुखीनेच, पण संध्याकाळी ताप यायचा आणि वजन उतरत गेलं होतं. चार महिने घरच्यांनी तिची कंबर तेलाने चोळली होती. तिची आई मला सारखी विचारायची, "ताई, आम्हाला कसं कळणार होतं?" मला उत्तर देता आलं नाही. ताप, वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर ती उसण समजू नका, एवढं ज्याला त्याला सांगत असते तेव्हापासून.

शस्त्रक्रियेचं मला काहीच आठवत नाही. टेबलावर पालथं घालून, एक्स-रेने मणका मोजून पक्का करतात, म्हणजे चुकीच्या जागी छेद जात नाही, एवढं आधी सांगितलं होतं. बाहेर यजमानांना डॉक्टरांनी बाटलीत तुकडा दाखवला. ते म्हणाले, सोललेल्या छोट्या कोलंबीसारखा होता, पांढरट. बोटाच्या पेराएवढा. त्यासाठी तीन महिने.

शुद्धीवर आल्यावर पहिली जाणीव पायाची. डाव्या पायात उरलीसुरली कळसुद्धा नव्हती. मग मी अंगठा उचलायला गेले आणि तो उचलला गेला नाही. मला रडू आलं. रात्रपाळीच्या मावशी जवळ येऊन म्हणाल्या, "आजच कशाला मागताय त्याच्याकडे? त्याला पण भूल दिलीय ना." शास्त्र तसं नसेल, पण त्या रात्री मला ते पुरलं.

दुसऱ्या दिवशी उभं केलं. उठायची पद्धत शिकवली. आधी अख्खं अंग एकदम कुशीवर, मग पाय खाटेखाली, मग हाताच्या रेट्यावर धड वर. कमरेतून पीळ नाही. सहा आठवडे वाकायचं नाही, उचलायचं नाही, वळायचं नाही. घरात भारतीय पद्धतीचा संडास, म्हणून यजमानांनी आधीच खुर्ची आणून ठेवली होती. हे ज्यांच्याकडे आहे त्यांनी घरी यायच्या आधी करावं, नंतर धावपळ होते. केर, कपडे, लादी, सगळं आईने ओढून घेतलं. एका वेळी वीस मिनिटांपेक्षा जास्त बसायचं नाही, पण दिवसातून चार-पाच वेळा चालायचं. कन्नमवारनगरातल्या पावसात मी छत्री घेऊन इमारतीभोवती फेऱ्या मारायचे, पायाला पाऊल वर धरणारी पट्टी बांधून.

शाळेत परतले ऑगस्टमध्ये. मुख्याध्यापकांनी जाड खंड मधल्या फळीवर लावून घेतले होते, न सांगता.

अंगठ्याचं सांगायचं राहिलं. जूनमध्ये काही नाही. जुलैच्या मध्यावर एका सकाळी चादरीखाली नख घासल्याचं जाणवलं. चादर बाजूला करून बघितलं. दोऱ्याने कुणीतरी ओढावा तसा अंगठा जरासा वर येत होता आणि पडत होता. आईला हाक मारली. ती हातातलं पीठ तसंच घेऊन आली, आणि आम्ही दोघी त्या अंगठ्याकडे बघत बसलो. त्यानंतर रोज सकाळी उठल्या उठल्या वीस वेळा.

गणपती झाल्यावर परळला तपासणीला गेले. तीच डॉक्टर, आता तिच्या हाताखाली दोन नवी मुलं होती. तिने त्यांना बाजूला उभं केलं, माझी फिल्म त्यांच्या हातातून काढून घेतली आणि म्हणाली, "आधी पाय बघा." एकाने माझ्या अंगठ्यावर बोट ठेवलं. मी तो डोक्याकडे ओढून धरला. त्याने दाबलं, आणखी जोराने दाबलं.

"हलत नाही, मॅडम," तो म्हणाला.

पावलाच्या वरच्या बाजूला रुपयाएवढी जागा अजून बधिर आहे. ती तशीच राहील कदाचित, असं तिने सांगितलं आणि केसपेपरवर पुढची तारीख लिहिली.